भोक पाडायची मोकळीक

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४

गाडी घरी आली. दिसायला १९५७ सालची पोर्शे ३५६ स्पीडस्टर. प्रत्यक्षात वर फायबरग्लासची बॉडी आणि खाली १९६९ च्या फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४०० मिलिमीटर, ३५६ चं २१००. म्हणून बीटलचा तळ मधोमध कापतात, साधारण ३० सेंटिमीटरचा तुकडा काढून टाकतात, उरलेले दोन भाग वेल्डिंगने जोडतात आणि साच्यातून काढलेली बॉडी वरून बोल्टांनी आवळतात. हे सगळं कुणीतरी फार पूर्वी करून ठेवलंय. मी तिसरी मालकीण.

अस्सल स्पीडस्टर आज लिलावात काही लाख डॉलरना जाते. जन्माला आली तेव्हा मात्र ती पोर्शेतली स्वस्त गाडी होती. न्यूयॉर्कचा आयातदार मॅक्स हॉफमन कंपनीच्या मागेच लागला होता, की अमेरिकेत खपेल अशी साधी, हलकी, उघडी गाडी द्या. १९५४ मध्ये ती आली, २९९५ डॉलरना. पुढची काच बुटकी, दारांना वरखाली होणाऱ्या काचा नाहीत, टप पातळ कापडाचा. गाडी अशी उघडीवाघडी मिळाल्यावर घेणारे एकेक वस्तू आणून लावत गेले. दिवे, आरसे, मागे सामानाची जाळी, पायाखाली चटया. आपल्या सोयीने गाडी सजवणं हा या गाडीचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे, त्यामुळे माझ्या डोक्यातल्या यादीला वडिलोपार्जित आधार आहे असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याने यादीच्या खाली बेरीज मागितली.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती बसले. दर्शनाला आलेला प्रत्येक जण प्रसाद हातात घेऊन गॅरेजात डोकावून गेला. पहिला प्रश्न ठरलेला, "ओरिजनल आहे का?" नाही म्हटल्यावर चेहरा किंचित उतरायचा आणि मग सूचना सुरू व्हायच्या. दारावर पांढरा गोल काढून आत रेसचा नंबर टाका. हॉलिवूडचा नट जेम्स डीन याच्या गाडीवर होता तो १३० च टाका. (ती गाडी स्पीडस्टर नव्हती, ५५० स्पायडर होती आणि १९५५ मध्ये तिच्यातच तो गेला, हे प्रसादाच्या वेळी काय सांगायचं!) पुढे दांडी बसवून तिच्यावर जर्मन ऑटोमोबाइल क्लबांचे जुने बिल्ले लावा, ऑनलाइन मिळतात. नुर्बुर्गरिंगच्या रेस ट्रॅकचा तर हवाच.

नुर्बुर्गरिंग जर्मनीत आहे. ही गाडी बे एरियाच्या बाहेर फारशी गेलेली नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

मागच्या झाकणावर आधीच्या मालकाने पोर्शेची सोनेरी अक्षरं चिकटवली होती आणि पुढे बॉनेटच्या मुठीवर ते चिन्ह, मधोमध श्टुटगार्टचा घोडा, भोवती व्युर्टेम्बर्गची हरणाची शिंगं आणि लाल-काळे पट्टे. १९५२ पासून पोर्शे ते वापरते. आज दोन्ही काढली.

हेअर ड्रायरने अक्षर कोमट करायचं, म्हणजे गोंद मऊ होतो. मग दात साफ करायचा दोरा दुहेरी घेऊन अक्षराच्या मागून करवतीसारखा पुढेमागे ओढायचा. पत्रा असो की फायबर, पात्याने खरवडायचं नाही. अक्षरं सुटली, उरलेला गोंद बोटाने चोळून निघाला, आणि खाली तीच अक्षरं पुन्हा दिसली! भोवतालचा रंग उन्हाने विटलेला, अक्षरांखालचा ताजा. पॉलिशिंग कंपाउंड लावून तासभर घासलं तेव्हा कुठे नाव पुसट झालं. तिरप्या उन्हात अजून वाचता येतं.

शेजारचे म्हातारबुवा कुंपणापाशी उभे राहून बघत होते. त्यांची उमर फोक्सवॅगनच्या वर्कशॉपमध्ये गेली. म्हणाले, "लोक ती अक्षरं लावायला पैसे मोजतात." मी म्हटलं, लावणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण पेट्रोल पंपावर कुणी विचारलं तर तोंडाने बीटल सांगायचं आणि पाठीवर पोर्शे लिहायचं, हे मला जमणार नाही. यादीवरून आज फिरवलेली पेन्सिल अशी : जी वस्तू काही काम करते ती राहील. जी नुसती साक्ष द्यायला लावायची, ती जाईल. नंबराचा गोल गेला, बिल्ल्यांची दांडी गेली, हेडलाइटवरच्या जाळ्याही गेल्या. त्या दगडांपासून काच वाचवायला असतात, पण रात्री उजेड खातात आणि मी कच्च्या रस्त्याने जाणार नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

पार्सल आलं आणि नेमका पितृपक्ष. पुण्याहून सासूबाई फोनवर, "अगं, या पंधरवड्यात नवीन वस्तू गाडीला लावतात का?" मी सांगितलं, ऑर्डर गणपतीतली आहे आणि नवरात्रापर्यंत खोके उघडून नुसतं बघणार आहे. तेवढ्यावर समेट झाला.

पितरांचा विषय निघालाच आहे तर या गाडीचंही कुळ लिहून ठेवते. बीटल आखली ती १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी. १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी त्यांचा मुलगा फेरी याने बीटलचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन घेऊन पहिली ३५६ उभी केली. म्हणजे बीटलच्या भागांवर देखणी बॉडी चढवायची कल्पना मुळात पोर्शेच्या घरातलीच. माझी गाडी त्यांची औरस नाही, पण भावकीत नक्की मोडते.

खोक्यात निघालं ते असं : बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन आरसे, पिवळ्या काचेचे दोन फॉग लॅम्प, बॉनेटवरून घ्यायचे चामड्याचे दोन पट्टे पितळी बकलांसकट. पट्टे निव्वळ शोभेचे वाटतात, पण या गाडीचं बॉनेट काचेच्या बाजूला बिजागरीवर आहे आणि पुढून उघडतं. वेगात असताना कडी सुटली तर वाऱ्याने झाकण उचललं जाऊन थेट डोळ्यांपुढे येईल. पट्टा त्यासाठी. राहिला.

शनिवार, ५ ऑक्टोबर

नवरात्र बसलं, ड्रिल बाहेर काढलं.

फायबरग्लासला भोक पाडणं हे पत्र्याला पाडण्यासारखं नाही. वर जेलकोटचा कडक, ठिसूळ थर असतो. ड्रिल थेट घुसवलं तर त्याचे टवके उडतात आणि बोल्ट जास्त आवळला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पसरतात. म्हणून आधी मास्किंग टेप. टेपवर खूण. मग ड्रिल उलट्या दिशेने फिरवून वरचा थर नुसता घासून काढायचा, आणि तो गेला की सुलट करून बारीक बिटने आरपार. त्यानंतर हवी ती बिट. कडेला थोडा उतार द्यायचा. आतून रुंद वॉशर, बाहेरून रबराची चकती, आणि पाना हाताला जाणवेल तेवढाच फिरवायचा. गाडीच्या नाकपुडीपाशी पहिलं भोक पडलं तेव्हा पांढरा भुगा ओठांवर बसला होता, मास्क असूनही. नवरा गॅरेजातून आत निघून गेला. त्याला बघवलं नाही.

दिवे बसले, तारा जोडल्या आणि अपेक्षेप्रमाणे एकही पेटला नाही, कारण अर्थिंगची तार मी शेवटाला ठेवली होती. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला सांगाड्यापर्यंत स्वतःची वेगळी काळी तार न्यावी लागते. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर मिळून नऊ-साडेनऊ अँपिअर खेचतात, तेवढा भार डॅशबोर्डच्या नाजूक बटणावर टाकायचा नाही. मध्ये रिले, म्हणजे तो भार स्वतःवर घेणारा स्विच, आणि १५ अँपिअरचा फ्यूज. संध्याकाळी पिवळा उजेड गॅरेजच्या दारावर पडला तेव्हा म्हातारबुवा टाळ्या वाजवत आले आणि तारा कुठून गेल्यात ते वाकून पाहिल्यावरच गेले.

बुधवार, ९ ऑक्टोबर

चटया आल्या. ३५६ आणि बीटलमध्ये पन्नास-साठच्या दशकांत काथ्याच्या चटया घालत, दोन रंगांत, चौकटी चौकटींच्या. इथल्या जुन्या गाडीवाल्यांत त्यांना अजून मान आहे. मी काळी-लाल जोडी मागवली. खोकं उघडलं आणि वास आला तो थेट वेंगुर्ल्याच्या मागल्या दाराचा. खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घातलेली सोडणं, मग मोगरीने ठेचून सुटा केलेला काथ्या, आणि त्याचं सुंभ वळणाऱ्या बायका. ही चटई बहुधा केरळातली असणार, आपल्याकडे काथ्याचा मोठा व्यापार आलप्पुळाचा. युरोपच्या गाड्यांत ती बसली ती टिकते म्हणून. वाळू तिच्या तंतूंतून खाली जाते, ओली झाली तरी सडत नाही. उघड्या गाडीला याहून शहाणी चटई नाही.

ड्रायव्हरच्या टाचेखाली रबराचा तुकडा शिवलेला आहे. तिथे काथ्या आधी झिजतो.

मागच्या झाकणावर सामानाची जाळीही बसली. झाकणाच्या कडेला आकड्याने अडकते, भोक लागत नाही. एक पथ्य आहे. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, आणि ती हवा झाकणाच्या जाळीतूनच आत शिरते. वर मोठी बॅग ठेवली की इंजिनाचा श्वास कोंडला. तेव्हा जाळीवर छोटी परडी किंवा टोपल्या, तेही हवेची जागा सोडून.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. झेंडूचा हार कुठे अडकवायचा हा दरवर्षीचा घोळ या गाडीत झाला नाही. बॉनेटच्या पट्ट्यांतून ओवून घेतला. पट्ट्यांचं आणखी एक काम निघालं.

डॅशबोर्डवरच्या गणपतीने मात्र दम काढला. मूर्तीला खाली लोहचुंबक आहे आणि डॅशबोर्ड फायबरचा. जर्मन लोक त्या काळी पत्र्याच्या डॅशबोर्डवर सेंट ख्रिस्तोफरचा बिल्ला लावत, प्रवाशांचा रखवाला म्हणून. १९६९ मध्ये रोमच्या सार्वत्रिक पंचांगातून त्याचा सण काढला, तरी गाड्यांतून तो उतरला नाही. आमच्या रखवालदारासाठी रेडिओच्या वर पोलादाची नाण्याएवढी चकती स्क्रूने बसवली. आणखी एक भोक.

सीमोल्लंघन केलं ते हायवे ८४ ने. डंबार्टन पुलावरून खाडी ओलांडली, वुडसाइडच्या पुढे रेडवुडच्या सावलीतली वळणं घेत स्काय लोंडाला चढलो. तिथे अ‍ॅलिसेस रेस्टॉरंटपाशी सुट्टीच्या दिवशी मोटरसायकली आणि जुन्या गाड्या जमतात. एक गृहस्थ अस्सल ३५६ घेऊन आले होते, राखाडी कूपे, आरशासारखी. माझी गाडी नक्कल आहे हे त्यांनी लांबूनच ओळखलं, पण जवळ येऊन गुडघ्यावर बसले ते फॉग लॅम्प बघायला. ते समुद्राकडे राहतात, रोजचं धुकं, आणि त्यांना दिवे हवे आहेत. लावता येत नाहीत. कारखान्याच्या कार्डेक्सवर, म्हणजे गाडी तयार झाली तेव्हाच्या नोंदपत्रावर, फॉग लॅम्प नाहीत. आज एक भोक पाडलं की किंमत पडली. रबराच्या मूळ चटया त्यांनी घरी कागदात गुंडाळून ठेवल्यात आणि गाडीत दुसऱ्या टाकल्यात. गाडी त्यांची खरी, पण तिच्या वतीने निर्णय घेणारं ते कार्ड सत्तर वर्षांपूर्वीचं.

त्यांनी मला अर्थिंगची तार कुठे आवळली ते विचारलं. मी सांगितलं. त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता, तरी नीट ऐकून घेतलं.

ला होंडाच्या पुढे सॅन ग्रेगोरिओला उतरताना धुकं रस्त्यावर आडवं आलं. दिवे लावले. रस्त्याची कड दिसत राहिली. आरशांचं तेवढं जुळलं नाही. दिसायला सुरेख, पण ताशी पन्नास मैलांच्या पुढे थरथरून मागची गाडी दुहेरी दिसते. बुडाखाली जाड रबर घालून बघायचं, नाही जमलं तर साधे गोल आरसे.

रविवार, २७ ऑक्टोबर

विम्याचा फॉर्म भरायला बसलो. अशा गाडीला बाजारभाव नसतो. आधीच ठरवून घेतलेल्या किमतीचा विमा घ्यावा लागतो, त्यासाठी फोटो आणि लावलेल्या वस्तूंची यादी. गाडीच्या कागदपत्रांवर उत्पादक म्हणून कुठल्याच कंपनीचं नाव नाही, खास बांधलेलं वाहन एवढीच नोंद. फॉर्मवर पुढचा प्रश्न, मूळ गाडीत काय बदल केले? नवऱ्याने पेन थांबवलं आणि विचारलं, मूळ म्हणजे कुठली धरू? बीटल धरली तर सगळंच बदललंय, स्पीडस्टर धरली तर ती इथे कधी नव्हतीच.

शेवटी मी घेतली तेव्हाची गाडी धरली. मग यादी करताना विमा कंपनीला नको असलेलंही लिहीत गेले : कुठल्या बिटने भोक पाडलं, वॉशर केवढा, रिले डाव्या बाजूला बॅटरीच्या वर, काळी तार पुढच्या अ‍ॅक्सलच्या बोल्टला. त्या पानाची एक प्रत कागदपत्रांसोबत गाडीत ठेवली आहे. चौथा मालक जो कुणी असेल त्याने यातलं वाटेल ते काढावं, वाटेल ते लावावं, अक्षरंसुद्धा. दिवा पेटला नाही तर तार शोधायला त्याला अर्धी गाडी उघडावी लागणार नाही.