अकरावे घर आणि स्थानपोथी

मिथकाविषयी आपल्या समीक्षेत जे लेखन झाले आहे, त्यातील वाचक बहुधा निनावी असतो. आदिबंधात्मक समीक्षेची मांडणी करताना गंगाधर पाटील यांच्यासारख्या समीक्षकांनी संहितेच्या खोल थरांकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष वेधले. नॉर्थ्रप फ्राय आणि लेव्ही-स्ट्रॉस ही नावे आपल्या पदव्युत्तर वर्गांत रुळली. परंतु मिथक ज्या बाकावर बसून वाचले जाते, त्या बाकाचा विचार आपण फारसा केला नाही. मीही केला नव्हता. तो मला का करावा लागला, हे सांगण्यासाठी हे टिपण आहे.

परतवाड्याच्या एका महाविद्यालयात मी एम. ए.च्या वर्गाला मराठी शिकवते. परतवाडा हे सागवानाच्या व्यापाराचे आणि मेळघाटात शिरण्याच्या वाटेवरचे गाव. आमच्या वर्गात चांदूर बाजार, अंजनगावकडची शेतकऱ्यांची मुले असतात, अचलपुरातील जुन्या वस्त्यांतील मुली असतात, आणि धारणी-चिखलदऱ्याकडून उतरून आलेली, घरी कोरकू बोलणारी काही मुले असतात. काही वर्षांपूर्वी बालसाहित्याच्या तासिकांना मी नेमलेल्या पुस्तकांखेरीज एक परके पुस्तक घ्यायचे ठरवले. रिक रिऑर्डन या अमेरिकी लेखकाची ‘द लाइटनिंग थीफ’ ही ती कादंबरी, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेली. मी प्रकरणे मराठीतून सांगत असे आणि निवडक पाने विद्यार्थी गटागटाने मराठीत उतरवीत.

या निवडीमागे एक विचार होता. आपल्या मराठीच्या वर्गात ग्रीस येतो तो ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातून किंवा पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेल्या ‘राजा ओयदिपौस’मधून, म्हणजे कॅथार्सिसची प्रश्नोत्तरे घेऊनच. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या हाती दिले, तसा ग्रीक पुराणांचा खेळकर परिचय आमच्या विद्यार्थ्यांना झालेला नव्हता. ही कादंबरी तो करून देईल, आणि पुराणकथेचे आधुनिक रूपांतर कसे घडते हेही दाखवील, अशी माझी अपेक्षा होती.

कादंबरीचा नायक पर्सी जॅक्सन हा बारा वर्षांचा मुलगा. त्याला वाचता येत नाही, अक्षरे डोळ्यांपुढे तरंगतात. तो वर्गात स्वस्थ बसत नाही आणि एकामागून एक शाळांतून काढला जातो. पुढे त्याला कळते की आपण पोसायडन या समुद्रदेवाचे पुत्र आहोत. अक्षरे तरंगतात ती त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेला असल्यामुळे, आणि चुळबुळ ही रणांगणातील सावधपणाची खूण. रिऑर्डन स्वतः शाळेत शिक्षक होते आणि आपल्या मुलाच्या अशाच अडचणींतून त्यांना ही कथा सुचली, हे त्यांनी सांगितले आहे. देव आणि मानव यांच्या संबंधातून जन्मलेल्या अशा मुलांसाठी लाँग आयलंडवर एक छावणी आहे. तेथे बारा देवतांची बारा घरे आहेत. ज्या मुलाचा दैवी जनक निश्चित होतो, तो त्या घरात जातो. ज्याला कोणीही आपले म्हटलेले नाही, तो अकराव्या घरात, म्हणजे वाटसरूंचा देव जो हर्मीस त्याच्याकडे, जमिनीवर अंथरूण टाकून राहतो.

हे पुस्तक शिकवताना करून घ्यावयाचे उपक्रम परदेशी शाळांतून चांगलेच रूढ आहेत. त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने आपला दैवी जनक निवडायचा, आपल्या घराचे चिन्ह काढायचे आणि त्या जनकाला पत्र लिहायचे. मी हाच उपक्रम थोडा देशी करून घेतला. ग्रीक दैवते ओळखीची नसल्यामुळे आपल्या पुराणांतील दैवत निवडले तरी चालेल, अशी मुभा दिली. आपण मोठे सर्जनशील काम करीत आहोत, अशी माझी त्या दिवशी समजूत होती.

22 जणांच्या त्या वर्गात बहुतेकांनी उत्साहाने लिहिले. तथापि पाने गोळा करताना मला एक गोष्ट दिसली. ज्या मुलामुलींच्या घरी कुळाचे दैवत, गोत्र, वंशावळ या गोष्टी ठाऊक होत्या, त्यांची पत्रे लांबलचक आणि सफाईदार होती. दोघींनी वर्गातील आडनावांकडे पाहून दुसऱ्यांसाठी देव ‘वाटून’ही दिले होते आणि त्यावरून मागच्या बाकांवर कुजबुज झाली होती. एक मुलगा मला म्हणाला, “मॅडम, ते अकरा नंबरचं घर म्हंजे आपलं होस्टेल होय.” वर्ग हसला, मीही हसले. धारणी तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याचे पान मात्र कोरे होते. मी कारण विचारले. तो खाली पाहत म्हणाला, “कोनाचं नाव लिहू, मॅडम?”

वऱ्हाडातल्या कोणत्याही खेड्यात अनोळखी मूल दिसले की वडीलधारे विचारतात, “कोनाचा रे तू?” विचारणाऱ्याच्या मनात माया असते, परंतु उत्तरातून बापाचे नाव, त्यातून आडनाव, आणि आडनावातून जात कळते. तेवढ्यावर त्या मुलाला पाणी कोठे द्यायचे हे कित्येक पिढ्या ठरत आले. मी उपक्रम म्हणून नेमका तोच प्रश्न विचारला होता, आणि त्याला पुराणाचे वस्त्र नेसवले होते.

यानंतर मी कादंबरी पुन्हा वाचली, आणि पहिल्या वाचनात निसटलेले बरेच काही दिसले. पर्सीच्या अपयशाला प्रतिष्ठा मिळते ती केवळ त्याच्या जन्मामुळे. वाचता न येणारा मुलगा देवपुत्र नसता तर? कादंबरीत या प्रश्नाला जागा नाही. इंद्राच्या वज्रासारखे जे झ्यूसचे अस्त्र, ते चोरतो ल्यूक. तो हर्मीसचाच मुलगा, पण बापाने वाऱ्यावर सोडल्याची जखम बाळगणारा आणि त्या अकराव्या घराचा प्रमुख. म्हणजे ज्याच्या मनात व्यवस्थेविषयी सर्वांत खरा राग आहे, त्याला लेखकाने चोर ठरवले आहे. महाभारत याबाबतीत अधिक धीट म्हणावे लागेल. कर्णही देवपुत्रच, परंतु सूर्याचा पुत्र असल्याचे कळूनही त्याचे सूतपुत्र असणे पुसले जात नाही, आणि त्याचे दुःख हा कथेचा कणा होतो. रिऑर्डनच्या कथेत जनकाने मुलाला आपले म्हणणे हा आनंदाचा क्षण आहे. व्यासांच्या कथेत तोच क्षण उशिरा आलेला आणि निरुपयोगी आहे.

दुसरी गोष्ट स्थळाची. या कादंबरीतील देव पाश्चात्त्य संस्कृतीचे केंद्र जेथे जाईल तेथे जातात. म्हणून ऑलिंपस आता न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर, सहाशेव्या मजल्यावर आहे आणि पाताळाचे दार लॉस एंजलिसमध्ये. कल्पना गमतीची आहे, पण तिच्यात एक सिद्धांत दडलेला आहे: मिथक सत्तेच्या मागे चालते. फ्राय ज्याला मिथकाचे विस्थापन म्हणतो, म्हणजे पुराणातील आकृतिबंधाचे वास्तवाच्या पातळीवर उतरणे, त्याचा येथे अगदी शब्दशः भूगोल झालेला आहे. आमच्याकडे हा सिद्धांत लागू पडत नाही. आमच्या जिल्ह्याच्या गावाला इंद्राच्या नगरीचे नाव आहे, मग ते उंबरावतीवरून आलेले का असेना. परंतु तेथे इंद्राची सत्ता कोणी मानत नाही. वर चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले आणि भीमकुंडात हात धुतले, असे सांगतात; आणि गावाचे नाव लोक जोडतात ते कीचकाशी, मारणाऱ्या भीमाशी नव्हे. महाभारतात कीचकही सूतच. सत्ता गेली, राजधान्या गेल्या, गाविलगड ओस पडला, तरी कथा जागची हलली नाही.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी उपक्रम बदलला. त्यासाठी मला परके शास्त्र शोधावे लागले नाही. शेजारच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही महानुभावांची भूमी. तेथेच 1278च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले असे आपण शिकवतो, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तेथेच आले आहे. पुढे चौदाव्या शतकात महानुभावांनी ‘स्थानपोथी’ रचली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला हा ग्रंथ आमच्या वर्गात केवळ भाषेच्या अभ्यासासाठी उघडला जातो. चक्रधर कोठे उतरले, कोठे बसले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला, शेजारी काय, याची त्यात साधी, कोरडी, अलंकारविरहित नोंद आहे. पुरुष निघून गेलेला आहे. अनुयायी उरलेल्या जागा मोजीत आहेत. मी विद्यार्थ्यांना सांगितले की जनक नको, स्थान लिहा. जिच्याविषयी घरात काही सांगितले जाते अशी एक जागा घ्या; दिशा, अंतर, झाड, पाणी एवढेच आधी लिहा, आणि कथा शेवटी.

या वेळी कोरे पान आले नाही. कोणी अचलपूरच्या वेशीविषयी लिहिले. कोणी बंद पडलेल्या ‘शकुंतले’च्या फलाटाविषयी लिहिले; त्याच्या आजोबांना तेथे मध्यरात्री कोणीतरी विडी मागितली होती. त्या कोरकू विद्यार्थ्याने मात्र लिहिण्याऐवजी सांगण्याची परवानगी मागितली आणि आजीकडून ऐकलेली कथा सांगितली. रावणाने ओसाड डोंगर पाहून महादेवाला माणसे घडवण्याची विनंती केली. महादेवाने वारुळाच्या तांबड्या मातीचे स्त्री-पुरुष घडवले. पण इंद्राचे घोडे येऊन ते तुडवून गेले. असे पुन्हा पुन्हा झाले, तेव्हा महादेवाने मातीचे कुत्रे करून त्यात जीव घातला. कुत्र्याने घोडे हाकलले, आणि मग मुला आणि मुलाई ही पहिली माणसे जगली. ही कथा रसेल आणि हिरालाल यांच्या 1916च्या ग्रंथातही नोंदलेली आहे, हे मी नंतर पाहिले. परंतु त्या दिवशी वर्गात जे घडले ते ग्रंथात नव्हते. आम्ही तीन आठवडे वज्राच्या चोराचा शोध घेत होतो. आणि येथे एक कथा होती जिच्यात इंद्र हाच माणसे तुडवणारा, रावण हा माणसांसाठी रदबदली करणारा, आणि तारणारे एक कुत्रे. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “मंग ल्यूकचं बराबर होतं का?” त्या वर्गात विचारला गेलेला तो पहिला खरा समीक्षात्मक प्रश्न होता, असे मी मानते.

मी त्याला विचारले की ते वारूळ कोठे आहे. तो म्हणाला की आजी जुन्या गावाजवळचे दाखवत असे. ते गाव आता नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून उठवून अकोटकडे वसवलेल्या गावांपैकी ते एक. त्याच्या लहानपणीच उठलेले. नव्या गावात घर आहे, वीज आहे, शाळा जवळ आहे, हे त्याने स्वतःहून सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. माझी मात्र अडचण झाली. ‘कोणाचा’ हा प्रश्न टाळून मी ‘कुठला’ हा प्रश्न निवडला होता, आणि तोही निरुपद्रवी नव्हता. विस्थापन हा शब्द मी फ्रायच्या संदर्भात फळ्यावर लिहिला होता. त्याने तो वहीत कोणत्या अर्थाने उतरवला असेल, हे मी त्याला विचारू शकले नाही.

सत्राच्या शेवटी त्याने आपली नोंद आणून दिली. अर्धे पान होते. नदीपासून गावाची दिशा, मोहाच्या झाडापासून आजीच्या दारापर्यंतची पावले, मेघनाथाचा खांब उभा करण्याची जागा, तेथून वारूळ. प्रत्येक वाक्याचे क्रियापद भूतकाळी. स्थानपोथीची शैली मी शिकवली होती खरी. पण ती शैली कशासाठी असते, हे मला त्या अर्ध्या पानावरून कळले.

या अनुभवावरून सर्जनशील उपक्रम टाळावेत, असा निष्कर्ष मी काढणार नाही. व्याख्यानातून हे काहीच बाहेर आले नसते. परंतु उपक्रम म्हणजे संहितेभोवतीची करमणूक, ही समजूत मला सोडावी लागली. प्रत्येक उपक्रम हा संहितेचा एक अन्वयार्थ असतो, आणि तो आपण वाचकाच्या अंगावर चढवीत असतो. दैवी जनक निवडायला लावणे म्हणजे कादंबरीतील वंशाचा विचार निमूट स्वीकारणे होय.

ती कादंबरी मी अजून शिकवते. पर्सी मुलांना आवडतो, आणि वाचता न येणाऱ्या मुलाची लाज लेखकाने ज्या आत्मीयतेने सांगितली आहे, ती कोरकूतून मराठीत येताना अडखळलेल्या मुलांना नेमकी भिडते. मात्र आता वाचनाला सुरुवात अकराव्या घरापासून होते, आणि पत्र लिहायचेच तर ते ल्यूकला. ते अर्धे पान त्या विद्यार्थ्याने परत मागितले, म्हणून मी दिले. मी त्याची नक्कल काढून घेतली नाही.