दोष पाटाचा होता

यंत्राला मन नसते, हे मला मान्य आहे. तरीही ऐन प्रसंगी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना ते नेमके कसे बंद पडते, याचे उत्तर आमच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात मला सापडलेले नाही. गेल्या वैशाखात आमच्या घरच्या यंत्राने असाच प्रसंग साधला. ती हकीकत येथे सांगण्याचे कारण एवढेच की, कलाशाखेच्या विद्यार्थ्याला तारा आणि डिस्क यांतून काय शिकायचे, असे तोवर मला वाटत असे.

शहाद्याहून सातपुड्याकडे निघाले की वाटेत आमचे म्हसावद लागते. अप्पा प्राथमिक शिक्षक होते. आजी शिंदखेड्याकडची, त्यामुळे घरात बोली अहिराणी. जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हणायची गौराईची गाणी, सारे तिच्या गळ्यात होते. अप्पांनी ती आधी कॅसेटवर व पुढे मोबाइलवर उतरवून घेतली. आणि हा पसारा एके ठिकाणी राहावा म्हणून दादाने एका जुन्या संगणकाचा फाईल सर्व्हर करून माजघराच्या कोनाड्यात बसवला. घरातल्या कोणत्याही फोनवरून आजीचे गाणे ऐकता यायचे. आजीला त्याचे मोठे नवल. "मनं गानं त्या डब्बामा शे का?" असे ती दर दोन दिवसांनी विचारी.

डब्यात हार्ड डिस्क दोन होत्या. एकीवर जे लिहिले जाईल तेच दुसरीवर, आरशातल्यासारखे. एक गेली तरी दुसरी आहेच, ही त्यामागची कल्पना. स्वस्त डिस्कांची अशी जुळणी कशी करावी, यावर पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या बर्कलेच्या तिघांनी १९८८ साली निबंध लिहिला. जगभर तिला 'रेड' म्हणतात. आमच्या जुन्या मदरबोर्डावर जोडण्या दोनच. एक संगणकाच्या स्वतःच्या छोट्या डिस्कने घेतलेली, दुसरी सीडीच्या खणाने. म्हणून दादाने वेगळे कंट्रोलर कार्ड बसवून दोन्ही डिस्क त्याला जोडल्या होत्या. हे कार्ड वाचकांनी ध्यानात ठेवावे.

यंदाच्या आखाजीला आजी झोक्याशेजारी बाजेवर बसून मनमुराद गायली. मी फोनवर सात गाणी घेतली, रात्री ती सर्व्हरवर चढवली आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून तेथून पुसून टाकली. आठ दिवसांनी आजी गेली.

तेराव्याला आत्या, मावश्या, मामा सारे जमले. संध्याकाळी आत्या म्हणाली, "मायचा आवाज तरी ऐकवा रे." दादाने फोन उघडला. यादी दिसेना. यंत्र पाहिले तर पडद्यावर एकच ओरड: डिस्क सापडत नाही. दोन्हीही.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ज्या दुकानात दादाने विचारले, तेथे दोन्ही डिस्क मेल्या असे ऐकायला मिळाले. दादाही म्हणाला, "उन्हाळा भोवला. दोन्ही गेल्या." तेव्हा ओट्यावर बसलेले अप्पा हळूच म्हणाले, "दोन वाफ्यांचं पाणी एकाच वेळी तुटलं, तर वाफ्यांना शिव्या घालायच्या की वर जाऊन पाट बघायचा?"

सगळी मेख या वाक्यात होती. दोन डिस्क एकाच दिवशी मरतील हे अशक्य नाही; पण दोघींना सामाईक असे काय आहे, हे आधी पाहायला हवे. सामाईक होते तिघे: वीज देणारा डबा, तारा आणि कंट्रोलर कार्ड.

दादाने पहिला नियम घातला: डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही, दुरुस्तीचे बटणही दाबायचे नाही. यंत्र गार झाल्यावर सुरू केले तर दोन्ही डिस्क दिसल्या! वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा गडप. तेवढ्या अवधीत त्यांची जोडी जुळू न देता आम्ही त्यांची आतली नोंदवही वाचली. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते; तिला 'स्मार्ट' म्हणतात. तीत ५ क्रमांकापुढे खराब झाल्याने बदललेल्या जागांची संख्या असते, १९७ पुढे वाचता न येणाऱ्या संशयित जागांची. दोन्हीकडे शून्य! म्हणजे तबकड्या निरोगी. १९९ क्रमांकापुढे मात्र हजारांत आकडा. ही गणती तारेतून येता-जाता बिघडलेल्या मजकुराची. दुखणे वाफ्यात नव्हते.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा दुसरा नियम. आधी तारा बदलल्या. १९९ चा आकडा कधी मागे फिरत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो का, हे पाहायचे. तो वाढतच होता. नंतर सीडीच्या खणाची जोडणी काढून तेथे एक डिस्क थेट मदरबोर्डाला लावली, दुसरी कार्डावर ठेवली. कार्डावरची अर्ध्या तासात नाहीशी झाली. मदरबोर्डावरची रात्रभर टिकली. सकाळी दोघींची अदलाबदल केली. आता जी कार्डावर आली तीच गेली. जागा बदलली की रोगी बदलत होता. म्हणजे रोग जागेचा होता. वीज देणारा डबा दोन्ही वेळा तोच होता, तो आपोआप निर्दोष सुटला. कार्ड काढून पाहिले तर त्यावरच्या थंडाव्याच्या पट्ट्या धुळीने लिंपलेल्या आणि चिप हात लावू देईना इतकी तापलेली.

आनंदाच्या भरात दादा म्हणाला, "आता पहिली डिस्क घे आणि दुसरी तिच्यावरून भरून काढ." मी तसे करणारही होते. पण आदल्या रात्री वाचताना एक गोष्ट मनात राहिली होती. अशा जोडीतल्या प्रत्येक डिस्कच्या कपाळी एक आकडा लिहिलेला असतो. जोडीत काही घडले की तो वाढतो. ज्या डिस्कचा आकडा मोठा, ती अधिक ताजी. आम्ही दोन्ही कपाळे वाचली. पहिलीचा आकडा लहान, आणि तिची शेवटची तारीख चैत्रातली!

मला दरदरून घाम फुटला. पहिली डिस्क चैत्रातच गळाली होती. दुसरी एकटीच भार वाहत राहिली, गाणी वाजत राहिली, म्हणून कोणाला कळले नाही. आखाजीची गाणी दुसरीवरच होती. पहिलीवरून दुसरी भरली असती, तर आम्ही आपल्या हाताने आजीचे शेवटचे गाणे जुन्या शांततेने पुसून टाकले असते. आरसा म्हणजे नक्कल नव्हे, हे तेव्हा उमगले. आरसा पुसलेलेही तितक्याच निष्ठेने पुसतो.

धुळ्याच्या मामांकडून एक मोकळी डिस्क आणून, दुसरीला फक्त वाचण्यापुरते उघडून, आधी सारे तिच्यावर उतरवले. सात गाण्यांपैकी सहा पूर्ण निघाली. सातवे मधेच तुटलेले. त्या रात्री चढवतानाच कार्ड तापले असावे. आणि मी? फाईलचे नाव यादीत दिसले एवढ्यावर समाधान मानून, एकदाही न ऐकता, फोनमधले पुसून मोकळी झाले होते. आजी आणि डिस्क यांच्यामधला एक पाट मीही होते. कार्डाला दोष देताना हे विसरून चालणार नाही.

आपल्याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती वही पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली. गळ्यातून वहीत व वहीतून पुस्तकात जाताना मधल्या माणसांनी आपले काम चोख केले नसते, तर आपल्या अभ्यासक्रमात काय उरले असते?

आता आजीच्या गाण्यांच्या तीन प्रती आहेत: एक कोनाड्यात, एक कपाटात, एक धुळ्याला मामांकडे. डिस्क जोडीतून गळाली तर फोनवर सूचना येते. आणि दर पौर्णिमेला कोणते तरी एक गाणे मी धुळ्याच्या प्रतीवरून मागवून शेवटपर्यंत ऐकते.

सातवे गाणे अर्धेच आहे. परवा ते लावले होते. आजीचा आवाज जेथे तुटतो तेथे मी हात पुढे करून बंद करणार, तोच स्वयंपाकघरातून मायने पुढची ओळ उचलली. भाकरी थापता थापता तिने ते शेवटपर्यंत म्हटले. चाल थोडी वेगळी होती. मी धावत जाऊन फोन आणला आणि म्हटले, "माय, पुन्हा एकदा म्हण."

या वेळी पुसण्यापूर्वी ऐकले.