रोटाव्हेटर उचलून माप घेतलंच नाही

जुना ट्रॅक्टर विकून 45 एचपीचा घेतला, रोटाव्हेटर मात्र तोच सहा फुटी ठेवला. पीटीओचे सहा दाते सारखेच होते. शाफ्ट बसला, लॉक पिन खटकन वर आली आणि मी थेट शेतात गेलो. माप घेतलं नाही.

बांधाजवळ वळताना लिफ्ट वर घेतली आणि मागून दणका बसला. रोटाव्हेटर जमिनीवर टेकलेला असताना शाफ्ट बिनघोर आत-बाहेर सरकत होता, तेवढंच मी बघितलं होतं. वर उचलताना पीटीओ आणि गिअरबॉक्स एका रेषेत आले की मधलं अंतर सगळ्यात कमी होतं. तिथे नर पाइप मादीच्या तळाला जाऊन भिडला आणि सगळा रेटा दोन्हीकडच्या बेअरिंगवर गेला. सकाळी पाहिलं तर पीटीओच्या सीलमधून तेल गळत होतं.

तरी मिस्त्रीकडे गेलो नाही. घरीच ग्राइंडरने दोन्ही पाइप सारखे कापले, कानस मारली, ग्रीस लावलं. प्लॅस्टिकचं कव्हरही तेवढंच कापायला हवं होतं. ते काम वाचवायला कव्हर काढून गोठ्यात टाकलं.

शाफ्ट जोडून पीटीओ चालू केला तर सगळा ट्रॅक्टर थरथरायला लागला. मी सीटवरूनच हाक मारली, "आबा, जरा मागून बघा, आवाज कुठून येतोय." सत्तरी ओलांडलेल्या बापाला उघड्या शाफ्टजवळ मी स्वतः बोलावलं. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. आबा वाकले, खांद्यावरच्या पंच्याचं टोक खाली आलं आणि डोळ्यांदेखत पंचा शाफ्टभोवती गुंडाळला गेला. तो नुसता खांद्यावर टाकलेला होता म्हणून सुटून गेला. गळ्याभोवती असता तर? मी लिव्हर ओढला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आबा काही बोलले नाहीत, बांधावर जाऊन बसले.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. शाफ्टच्या क्रॉसमध्ये अडकलेले धागे ब्लेडने काढता काढता तो म्हणाला, "दादा, मधल्या दोन्ही योकचे कान एका रेषेत कुठं आहेत?" चौकोनी पाइप चारही बाजूंनी बसतो, पण त्यातल्या दोनच बाजू बरोबर असतात. एक क्रॉस दर फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, तो फरक दुसऱ्याने भरून काढायचा असतो. मी पाइप पाव फेरा फिरवून बसवला होता. त्यामुळे फरक भरून निघायच्या ऐवजी वाढत गेला.

मिस्त्रीने रोटाव्हेटर उचलून, शाफ्टचे दोन्ही भाग शेजारी धरून खडूने खूण केली. सगळ्यात जवळच्या जागी इंचभर मोकळीक राहिली पाहिजे आणि सगळ्यात लांब ताणल्यावरही एक तृतीयांश पाइप आत असला पाहिजे, हे त्याने दोनदा दाखवलं. मग त्याने गोठ्यातलं कव्हर मागितलं. कापून चढवलं, साखळ्या दोन्ही टोकांना अडकवल्या. मी पीटीओ चालू केला. शाफ्ट आत फिरत होता आणि कव्हर जागच्या जागी स्थिर होतं. ते मी हात लावून पाहिलं नाही, आणि आबांना तर फाटकाजवळच थांबवलं.