जिन्यावरचा दिवा

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे जुन्या पेठांतून अजूनही पुष्कळ उभी आहेत. त्यांचा अरुंद जिना दिवसाही दिव्यावाचून चढवत नाही. अशाच एका घरात बल्ब बदलताना थोरल्या सूनबाईंना विजेचा धक्का बसला आणि त्या जिन्यावरून पडता पडता सावरल्या. बटण तर बंद होते. मंडळींनी होल्डरला दोष दिला, नवा आणून बसवला. पुढे दुकानातील मुनीमजींनाही तोच अनुभव आला, तेव्हा कुठे वायरमनला बोलावणे गेले.

वायरमन जुना, जाणता होता. त्याने बल्ब काढून होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला आणि खालचे-वरचे बटण आलटून पालटून दाबायला सांगितले. दोन स्थितींत एकाच टोकाला टेस्टर पेटला, हे रास्तच. उरलेल्या दोन स्थितींत, म्हणजे एरवी दिवा विझलेला असतो तेव्हा, एकदा कुठेच पेटला नाही आणि एकदा दोन्ही टोकांना पेटला. धक्का कधी बसे, कधी बसत नसे, त्याचे कारण इथे होते.

आजच्या पद्धतीत न्यूट्रल थेट दिव्याला जातो आणि फेज दोन्ही बटणांतून फिरून येतो. त्यासाठी बटणांमध्ये दोन तारा ओढाव्या लागतात. या घरात तार वाचवण्यासाठी प्रत्येक बटणाला जवळच्याच बोर्डातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही दिलेले होते. दिव्याचे एक टोक खालच्या बटणाला, दुसरे वरच्या बटणाला. एकीकडे फेज, दुसरीकडे न्यूट्रल आला की दिवा लागे. दोन्हीकडे फेज आला तर दोन टोकांत फरकच उरत नाही, म्हणून तो विझे. जमिनीवर उभ्या माणसाला मात्र दोन्ही टोके 230 व्होल्टचीच. जमा आणि नावे सारखे झाले म्हणजे शिल्लक शून्य दिसते, पण त्या खात्यावर उलाढाल झालीच नाही असे कोणता व्यापारी म्हणेल?

जुन्या माणसांच्या काटकसरीला हसू नये. तेव्हा अशी जोडणी करीत असत. नुसता होल्डर बदलून समाधान मानणे हे मात्र अलीकडचे.

“अण्णा, बटणावर आता भरवसा नाही,” सूनबाईंनी सासऱ्यांना स्पष्ट सांगितले. अण्णांना वडिलांच्या वेळच्या लाकडी पट्ट्या उखडणे जिवावर आले होते. मेन स्विच बंद करून वायरमनने एक पट्टी उघडली. आतल्या तारेवरचे रबर बोटांत भुगा होऊन आले. अण्णांनी तो भुगा तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला, आणि साऱ्या घराच्या नव्या वायरिंगचा, अर्थिंगचा आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा अंदाज कागदावर मागितला. काम गोदामापासून सुरू करायचे ठरले. तिथे छतापर्यंत कापडाचे गठ्ठे होते, आणि भिंतीवर त्याच पट्ट्या.