लेकीच्या गाडीची हिवाळी चाकं



आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं आता कॅनडात, अमेरिकेत, जर्मनीत आहेत. फोनवर आपण विचारतो, जेवलीस का, स्वेटर घातलास का, झोप होते का. गाडीला हिवाळ्याचे टायर लावलेस का, हे विचारायचं मात्र आपल्याला सुचत नाही. कारण आपल्या सांगली-कोल्हापूरकडे टायर एकच. वैशाखात तोच, आषाढात तोच. पंक्चर झाला की स्टेपनी लावायची, गोटा झाला की नवा घ्यायचा.

गेल्या वर्षी सप्टेंबर ते फेब्रुवारी मी ओटावाला लेकीकडे होते. नात तीन वर्षांची, तिला सांभाळायला म्हणून गेले होते. लेकीची गाडी छोटी, जुनी घेतलेली होंडा फिट. आपल्याकडे जॅझ म्हणून विकली जायची तीच. त्याआधी दोन वर्षं ती बसने जात होती, त्यामुळे गाडीचा हा पहिलाच हिवाळा. ऑक्टोबरात घरात विषय निघाला की हिवाळी टायर घ्यायचे की नाही, आणि पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. मी गाडी चालवत नाही. पण बी.कॉम. केलेली बाई आहे, खर्चाचा कागद समोर आला की मला गप्प बसवत नाही.

आधी थोडं तिथलं सांगते. ओटावा शहर ओंटारियो प्रांतात आहे. मधे नदी आहे आणि पूल ओलांडला की क्विबेक प्रांतातलं गॅटिनो. लेकीची नोकरी गॅटिनोत. क्विबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. आता ही सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च असते आणि न पाळल्यास २०० ते ३०० डॉलर दंड होतो. ओंटारियोत मात्र अशी सक्ती नाही, आणि लेकीच्या गाडीची नोंदणी ओंटारियोतली. म्हणजे रोज सकाळी ती पूल ओलांडणार, आजूबाजूच्या गाड्यांना हिवाळी टायर असणार, पण तिच्यावर बंधन नाही. रस्ता तोच, बर्फ तोच.

जावईबापूंचं म्हणणं होतं, गाडीला बारमाही टायर आहेतच, त्यावर भागवू. हे बारमाही म्हणजे काय ते मी समजून घेतलं. रबर थंडीत कडक होतं. आपण तूप फ्रिजमध्ये ठेवतो तेव्हा जसं होतं, तसंच. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की नेहमीच्या टायरची पकड कमी व्हायला लागते, मग रस्ता कोरडा का असेना. ओटावात जानेवारीच्या रात्री उणे २० चं काही नवल नाही. हिवाळी टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, ते त्या थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत सुरीने चिरल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात.

ओळखायची खूण सोपी आहे. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, असं चित्र असतं. हे चित्र बर्फावरची ठरलेली चाचणी पार केलेल्या टायरवरच छापतात. नुसतं ‘एम अँड एस’ लिहिलेलं असेल तर ते चिखल-बर्फाच्या नक्षीचं नाव झालं, त्याला ती चाचणी लागत नाही. काही बारमाही टायरवरही आता डोंगराचं चित्र येतं, पण जिथे चार महिने बर्फ असतो तिथे खास हिवाळी टायरच बरे, असं लेकीच्या गॅरेजवाल्याचं मत पडलं.

मग दुसरा तोडगा निघाला की दोनच घेऊ, पुढच्या चाकांना. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाच जाते ना! निम्म्या पैशात काम. गॅरेजवाल्याने ते ऐकूनच मान हलवली. पुढची चाकं धरून राहतात आणि मागची सुटतात, मग वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर गाडीचा मागचा भाग फिरून पुढे येतो. घ्यायचे तर चारही, आणि एकाच जातीचे.

आता हिशोब. टायर १३० डॉलरला एक, चारचे ५२०. वर स्टीलच्या रिम ८० डॉलरला एक, चारचे ३२०. एकूण ८४०, त्यावर १३ टक्के कर १०९ डॉलर २० सेंट. सगळे मिळून जवळजवळ साडेनऊशे डॉलर. लेकीचा चेहरा उतरला. म्हणाली, “आई, रिम कशाला? आहेत त्याच रिमवर टायर बदलून घेईन.”

तो कागद मी पुढे ओढला. नुसते टायर असतील तर दर ऑक्टोबर-एप्रिलला जुने काढा, नवे चढवा, तोल साधा, याचे तिथे १२० डॉलर. टायर आपल्या रिमवर कायमचे बसवलेले असतील तर नुसतं चाक काढून चाक लावायचं, त्याचे ६०. वर्षातून दोनदा म्हणजे १२० डॉलर वाचतात. ३२० डॉलरच्या रिम तिसऱ्या वर्षी वसूल. शिवाय दर खेपेला टायर रिमवरून ओढून काढताना त्याची कड दुखावते, ते टळतं. आणि तिथल्या रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यात मूळच्या अलॉय रिम खराब होण्यापेक्षा स्टीलला गंज चढलेला परवडतो.

रिम निवडताना आणखी एक गंमत कळली. लेकीच्या गाडीला १६ इंची चाकं, टायरचं माप १८५/५५. पण त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला १५ इंची चाकं आणि १८५/६० चा टायर येतो. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची उंची. मी वहीत मांडून पाहिलं. १६ इंची चाक टायरसकट ६१० मिलिमीटर भरतं, १५ इंची ६०३. फरक एका टक्क्याच्या आसपास, म्हणजे वेगाचा काटाही फारसा चुकणार नाही. १५ इंची टायर स्वस्त, आणि रबराची भिंत उंच असल्याने खड्ड्यात रिमला मार कमी. खालच्या मॉडेलला ते मुळातच बसतं, म्हणून आत ब्रेकला घासायचाही प्रश्न नाही. तुमच्या मुलांच्या गाडीचं माप ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर असतं. रिम घेताना नटांची भोकं किती आणि किती अंतरावर, आणि मधलं भोक केवढं, हेही जुळायला लागतं. फिटला चार नट आहेत.

कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला तो यंत्रांचा, कागदावरचा. इथे घसारा पट्टी लावून मोजता येतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल होती. ४ च्या खाली गेली की बर्फात तिचा भरवसा धरायचा नाही. चार हिवाळे धरले तर टायरचे वर्षाला १३० डॉलर. आणि हिवाळी टायर फिरतात तेवढे महिने मूळचे टायर विश्रांती घेतात, त्यांचं आयुष्य तितकंच लांबतं. म्हणजे हा खर्च बराचसा पुढच्या टायरचे पैसे आधी भरण्यासारखा आहे. शिवाय ओंटारियोत २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने हप्त्यात सूट द्यायलाच हवी, असा नियम आहे. सूट कंपनीगणिक वेगळी, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगायला येत नाही. लेकीने फोन केला, वर्षाला ८० डॉलर कमी झाले.

पैशाचं असं मिटलं. पण त्या रात्री भांडी आवरताना लेक म्हणाली, “आई, तू परिग्रहपरिमाण घेतलं आहेस. साड्या मोजून ठेवतेस. आणि मला दोन खोल्यांच्या घरात चार चाकं जास्तीची घ्यायला सांगतेस?”

प्रश्न थट्टेचा नव्हता, त्यामुळे मीही थट्टेवारी नेला नाही. रात्रभर मनात घोळला. सकाळी तिला सांगितलं ते असं. गाडी सुरू व्हायला, पळायला जुने टायर पुरेसे होते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोठ्या गाड्या तिथे पुष्कळ आहेत, बर्फातून त्या झटकन निघतात. पण थांबताना ती ताकद कामाची नाही, थांबवतो तो टायरच. आपण जे घेतोय ते वेळेवर थांबता यावं म्हणून. मुनिमहाराज चार हात जमीन निरखून पाऊल टाकतात, त्याला आपण ईर्यासमिती म्हणतो. आपण गृहस्थ, आपल्याला ते तसं साधत नाही, आणि गाडीच्या टायरची महाराजांच्या पिंछीशी तुलना करायची माझी हिंमत नाही. पण समोर कुणी आलं तर थांबता येणार नाही, हे माहीत असून गाडी रस्त्यावर काढणं, याला जपून चालणं कसं म्हणायचं? पुलावर, शाळेपाशी जो रस्ता ओलांडेल तो लेकरू असेल, म्हातारी असेल, नाहीतर खारही असेल. त्यांच्यासाठी ही चाकं.

एक अट मात्र घातली. टायर चांगले आहेत म्हणून वेग वाढवला तर ती चाकं खरोखरच परिग्रह झाली. आणि पाऊस पडता पडता गोठतो तेव्हा रस्त्यावर काचेसारखा थर होतो, त्यावर चांगल्यातल्या चांगल्या टायरचाही इलाज चालत नाही. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी गाडी काढायची नाही. आपले साधू पावसाळ्याचे चार महिने एका गावी राहतात, आपल्याला चार दिवस घरी बसायला काय जातं?

एका मैत्रिणीने मला फोनवर विचारलं, टायरमध्ये चरबी असते म्हणतात, ते खरं का? रबराच्या मिश्रणात स्टिअरिक आम्ल घालतात. ते पाम तेलापासून बनतं तसं प्राण्यांच्या चरबीपासूनही बनतं, आणि टायरवर तसं छापलेलं नसतं. पण हे हिवाळी टायरपुरतं नाही, आपल्या गावातल्या रिक्षाला आणि एसटीलाही लागू आहे. आपण वाहनात बसतो तेव्हाच हा आरंभ आपल्या खात्यात येतो. त्यात आपल्या हाती राहतं ते एवढंच की घेतलेली वस्तू पुरी वापरायची, निष्काळजीपणे झिजवायची नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला चाकं बसली. पहिला बर्फ पडला त्या रविवारी लेक आम्हाला एका मोकळ्या वाहनतळावर घेऊन गेली आणि तिने मुद्दाम ब्रेक दाबून पाहिले, म्हणजे गाडी किती अंतरात थांबते याचा अंदाज यावा. डिसेंबरात एका सकाळी तो अंदाज कामी आला. नात मागे तिच्या खुर्चीत, मी शेजारी. उतारावर पुढची गाडी सिग्नलला थांबता थांबेना, तिरकी होत चौकात गेली. आमची गाडी थोडी थरथरली आणि रेषेच्या अलीकडे उभी राहिली. समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन ओलांडत होती, ती आमच्या पुढून निघून गेली. णमोकार माझ्या तोंडातच होता. लेक काही बोलली नाही, मीही नाही.

आता देखभालीच्या चार गोष्टी. टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघायला सांगा. ३५२३ असेल तर २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा, आपण पाकिटावरची तारीख बघतो तसंच. थंडीत टायरमधली हवा उतरते, दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय, म्हणून महिन्यातून एकदा हवा तपासायची. चाकं बदलल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून घ्यायचे. काढलेली चाकं मीठ धुऊन, कोरडी करून, कुठलं चाक कुठे होतं ते खडूने लिहून, उन्हापासून दूर ठेवायची. रिमसकट असतील तर एकावर एक रचली तरी चालतात. लेकीने ती तळघरातल्या कोपऱ्यात ठेवली आहेत, वर जुनी चादर घालून.

तुमची मुलं थंड देशात असतील तर या दिवाळीच्या फोनवर फराळाचं बोलून झालं की तीन गोष्टी विचारा. हिवाळी टायर चारही चाकांना आहेत का? त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चित्र आहे का? नक्षी किती मिलिमीटर उरली आहे? मुलं हसतील, आईला हे कुठून कळलं म्हणतील. हसू द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.