काकडी ते फ्रँकफर्ट, व्हाया पॉइंट्स!

काकडी. नाही, कोशिंबिरीतली नाही! कोपरगाव तालुक्यातलं गाव. आपण ज्याला 'शिर्डी एअरपोर्ट' म्हणतो ते खरं तर इथे आहे, शिर्डीपासून साधारण पंधरा किलोमीटरवर. माझ्या आईचं माहेर इथून जवळच. तिच्या लहानपणी हा नुसता माळ होता. बोरी-बाभळी, शेळ्या आणि पाण्याची बोंब. आज त्याच माळावर अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे. 1 ऑक्टोबर 2017 ला तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी विमानतळाचं उद्‌घाटन केलं. साईबाबांच्या समाधीचं शताब्दी वर्ष सुरू होत होतं, त्या गर्दीसाठीच ही सगळी धावपळ.

म्हणजे हे एअरपोर्ट मुळात येणाऱ्यांसाठी. आम्ही मात्र जाणारे!

गोष्ट जानेवारी 2025 ची. ताई फ्रँकफर्टजवळ राहते. पहिलं बाळंतपण, तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली. आई पाहिजेच, आणि आईने त्याआधी विमानात पायही ठेवलेला नव्हता. त्यामुळे पोचवायला मी. खर्चाचं काय? तर आपल्याकडे पॉइंट्स होते, बॉस! चार वर्षं ऑफिसच्या टूर्स, शिवाय किराण्यापासून पेट्रोलपर्यंत सगळं एकाच कार्डावर. बँकेच्या लेखी मी आदर्श ग्राहक. दोन तिकिटं, द्यायचे फक्त टॅक्स आणि चार्जेस.

पण पॉइंट्सवरच्या तिकिटाची गंमत अशी, की विमान कंपनी त्यासाठी मोजक्याच सीट्स उघडते. मुंबईहून आम्हाला हव्या त्या तारखांना एक सीट मिळत होती, दोन नाही. नाहीतर राहात्याहून मुंबई सोपी. साईनगर शिर्डीहून फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत आहे, आणि समृद्धी महामार्ग तर आता, 5 जून 2025 पासून, नागपूरपासून ठाण्याजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झालाय. पण सीट्स होत्या हैदराबादहून. 22 जानेवारी, रात्री पावणेदोन. पटकन बुक करून टाकलं आणि मग डोकं खाजवत बसलो... हैदराबादला जायचं कसं?

अण्णांचं उत्तर तयार होतं. 'मनमाडहून रात्री अजिंठा धरा, सकाळी हैदराबादेत.' त्यांच्या लेखी विषय संपला. पण आईचे गुडघे, मोठाल्या बॅगा आणि मनमाडचे जिने? नको! काकडीहून हैदराबादला छोटं विमान जातं, दीडेक तासात. तेच घ्यायचं ठरलं.

मी सवयीप्रमाणे सगळ्यात स्वस्त तिकिटावर बोट ठेवणार, एवढ्यात ऑफिसातल्या एका मित्राने हात धरला. तो पॉइंट्सच्या बाबतीत पीएचडी आहे. त्याने दिलेलं लेक्चर तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिला धडा. दोन तिकिटं वेगळी काढली, की दुसऱ्या विमानाला पहिल्याशी देणंघेणं नसतं. पहिलं उशिरा आलं तर ती कंपनी फार तर आपल्या तिकिटापुरतं बघते. पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. आणि पॉइंट्सचं तिकीट असताना तुम्ही पोचलाच नाहीत, तर बहुतेक योजनांमध्ये पॉइंट्स बुडाले म्हणून समजा. चार वर्षांची पुण्याई पाण्यात! वेळेत कळवलं तर थोडा दंड भरून पॉइंट्स परत मिळू शकतात, पण तशा दोन सीट्स पुन्हा कधी मिळणार?

दुसरा धडा. मोठं तिकीट हलत नाही, म्हणून छोटं तिकीट हलणारं घ्यायचं. 'फ्लेक्सी' भाडं जरा महाग असतं, पण तारीख बदलायचा दंड वाचतो किंवा कमी होतो. भाड्यातला फरक मात्र भरावा लागतो, आणि बदल उड्डाणाच्या ठरावीक तास आधीच करावा लागतो. मला माणशी सातशे रुपये जास्त पडले.

तिसरा धडा तारखेचा. '22 तारखेचे रात्री पावणेदोन' म्हणजे 21 च्या रात्री एअरपोर्टवर हजर! भलेभले इथे फसतात.

आणि चौथा बॅगांचा. देशातल्या विमानात साधारण पंधरा किलो फुकट, परदेशी विमानात त्याहून बरंच जास्त. वेगळी तिकिटं म्हणजे वरच्या किलोंचे पैसे आधी काकडीला मोजा, मग हैदराबादला बॅगा पट्ट्यावरून उतरवून पुन्हा चेक-इन करा. बरं, तिथे देशातलं आणि परदेशातलं टर्मिनल एकाच इमारतीत आहे, मुंबईसारखी एका टर्मिनलहून दुसऱ्याला टॅक्सी नको. आईने गोधड्या, झबली-टोपडी, खारीक, डिंक भरला. घरचं तूप मात्र राहात्यातच राहिलं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यावर आई दोन दिवस जर्मनीवर रागावून होती.

आमचं छोटं तिकीट होतं 21 च्या दुपारचं. हातात दहा-अकरा तास, म्हणजे भरपूर, नाही का? मी 18 ला पुण्याहून राहात्याला पोचलो आणि सकाळी दार उघडलं तर समोरची पेरूची बाग गायब! असं धुकं. आता हा भाग मोकळ्या माळाचा. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये कमी दृश्यमानतेमुळे इथली उड्डाणं कित्येक दिवस बंद होती, ते आठवलं आणि पोटात गोळा आला. सकाळचं एक विमान रखडलं, की दुपारपर्यंत सगळीच रांग मागे सरकते. रात्री फोन उघडला, 21 चं तिकीट 20 वर आणलं. दंड शून्य, भाड्याचा फरक माणशी एकोणीसशे.

दुसऱ्या दिवशी तेच दुपारचं विमान चार तास उशिरा सुटलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

20 ला आम्ही निघालो. टर्मिनलमध्ये दर्शन घेऊन परतणाऱ्यांची गर्दी, हातात प्रसादाच्या पिशव्या. शेजारच्या बाईंनी आईला प्रेमाने विचारलं, 'दर्शन अच्छा हुआ?' आई म्हणाली, 'हम तो यहीं के हैं. जर्मनी जा रहे हैं.' आईचा तो चेहरा पॉइंट्समध्ये मोजता येणार नाही.

विमान उडालं तेव्हा आई खिडकीला नाक लावून खालच्या माळावर काहीतरी शोधत होती. 'विहीर दिसली का रे?' मला नाही दिसली. तिला दिसली असावी.

शमशाबादला एअरपोर्टजवळ हॉटेल घेतलं. हातात अख्खा दिवस मिळाला, म्हणून 21 ला चारमिनार! इराणी चहात उस्मानिया बिस्किट बुडवत बसलो होतो, तेवढ्यात अण्णांचा फोन.

'तुमचं आजचं विमान गेलं बरं का वरून. अगदी टाइमात!'

झालं! फ्लेक्सीचे चौदाशे, फरकाचे अडतीसशे, हॉटेलचे तीन हजार. आठ हजार दोनशे रुपयांना चाट. मी आईला हिशेब ऐकवला. तिने शांतपणे बिस्किट संपवलं.

'मग काय झालं? शेवटची एसटी धरायची तर आपण तासभर आधी स्टँडवर जाऊन बसतोच की.'

पीएचडीवाल्या मित्राचं सगळं लेक्चर एका वाक्यात! त्या संध्याकाळी आई हॉटेलात तीन तास गाढ झोपली. मीही. आणि रात्री विमानात बसलो तेव्हा घड्याळाकडे बघायची वेळच आली नाही.

भाची 29 तारखेला आली, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी. आई तिथे होती.

पॉइंट्सचा सध्या पूर्ण खडखडाट आहे. किराणा पुन्हा कार्डावर सुरू केलाय. बारशाचे फोटो बघून अण्णाही आता पासपोर्टची चौकशी करतायत!