शिट्टी वाजवणारे दातांचे डॉक्टर

मुलांनो, खो-खोच्या सामन्यात पंच होणं काही सोपं काम नाही. आणि त्यात एक संघ आपल्याच शाळेचा असेल, तर विचारूच नका!

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा होत्या. ऐनवेळी पंच कमी पडले. केंद्रप्रमुख म्हणाले, "बाई, मुलींच्या अंतिम सामन्याला तुम्हीच उभ्या राहा."

"सर, पण एक संघ माझ्याच शाळेचा आहे."

"मग काय झालं? तुमच्यावर विश्वास आहे सगळ्यांचा."

घेतली शिट्टी गळ्यात.

शेवटची पाळी. पाठलाग आमच्या मुलींचा. एक गडी बाद झाला तर बरोबरी, नाही तर हार. अर्धा मिनिटही उरलं नव्हतं. आमची सातवीतली एक मुलगी, वाऱ्यासारखी पळणारी, ताडकन उठली, झेपावली आणि तिनं गडी टिपला. आमच्या पोरांनी एकच गलका केला. पण त्याआधीच माझी शिट्टी वाजली होती. 'खो' मिळायच्या आत ती उठली होती. निदान मला तरी तसं दिसलं होतं. फाऊल. गडी बाद नाही. तेवढ्यात वेळ संपली आणि आम्ही एका गुणानं हरलो.

ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "बाई, तुम्ही आपल्या शाळेच्या की त्यांच्या?"

मला उत्तरच सुचलं नाही. परत येताना टेम्पोत कुणी गाणी म्हटली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती पोर वर्गात विचारलं तेवढंच बोलायची, मान खाली घालून. आणि खरं सांगू? मलाही झोप लागेना. आपली शाळा म्हणून मी उगाच जास्त कडक झाले का? लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून पोरींवर अन्याय तर केला नाही ना?

त्याच दिवसांत एका जर्मन माणसाची हकिगत माझ्या वाचनात आली. नाव डॉक्टर मार्कुस मर्क. गाव कायझर्सलाउटर्न. धंद्यानं दातांचे डॉक्टर, आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचे पंच! आठवडाभर लोकांचे किडलेले दात काढायचे आणि सामन्याच्या दिवशी हजारो लोकांसमोर शिट्टी घेऊन उभं राहायचं. १९८८ साली ते जर्मनीच्या सर्वांत वरच्या साखळी स्पर्धेत, म्हणजे बुंडेसलीगात, पंच झाले. तोपर्यंत तिथं इतका तरुण पंच कुणी झाला नव्हता. पुढं २० वर्षांत त्यांनी तिथले सव्वातीनशेहून जास्त सामने सांभाळले. आपल्या गावच्या संघाच्या सामन्याला मात्र त्यांना कधी नेमत नसत. तिकडं तसा दंडकच आहे. हे वाचून मी मनात म्हटलं, बघा, शहाणी माणसं!

आता त्यांच्या सर्वांत अवघड दिवसाची गोष्ट ऐका. १९ मे २००१. बुंडेसलीगाचा शेवटचा दिवस. विजेतेपदासाठी दोन संघांत चुरस होती, बायर्न म्युनिक आणि शाल्के. शाल्के हा कोळशाच्या खाणींच्या भागातला संघ. १९५८ नंतर त्यांना एकदाही विजेतेपद मिळालं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आपला सामना ५-३ असा जिंकला. तिकडं हांबुर्गमध्ये बायर्नला नुसती बरोबरी पुरेशी होती. पण ९०व्या मिनिटाला हांबुर्गनं गोल केला. झालं! शाल्केचे लोक मैदानात घुसले. कुणी नाचतंय, कुणी रडतंय. आपणच विजेते, असं सगळ्यांना वाटलं.

पण हांबुर्गचा सामना अजून संपला नव्हता. जादा वेळेत हांबुर्गच्या खेळाडूचा पाय लागून चेंडू त्याच्याच गोलरक्षकाकडं गेला आणि गोलरक्षकानं तो हातानं उचलला. आपल्या गड्यानं मुद्दाम पायानं दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही, असा नियम १९९२ पासून आहे. पंच होते डॉक्टर मर्क. त्यांनी शिट्टी वाजवली आणि बायर्नला गोलाच्या अगदी जवळून फ्री किक दिली. बायर्नच्या पॅट्रिक अँडरसननं चेंडू जाळ्यात मारला. १-१. बायर्न विजेते, तेही एका गुणानं! शाल्केचं विजेतेपद जेमतेम चार मिनिटं टिकलं. गंमत बघा, चेंडू उचलणारा तो गोलरक्षक शाल्केचाच होता. त्या काळापुरता हांबुर्गकडं उसना गेलेला!

शाल्केच्या लोकांनी मर्क यांना कधी माफ केलं नाही. तो चेंडू मुद्दाम मागं दिला होता की चुकून गेला होता, यावर तिकडं अजून वाद घालतात. पुढं काही वर्षं शाल्केच्या सामन्यांना त्यांना नेमलंसुद्धा नाही. पण त्यांनी पंचगिरी सोडली नाही. २००४ साली युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना पोर्तुगालमध्ये, पोर्तुगाल आणि ग्रीस यांच्यात झाला. तेव्हा पंच तेच होते. यजमानांच्या घरात, त्यांच्याच लोकांच्या गर्दीत, पाहुण्या ग्रीसनं १-० असा विजय मिळवला. जगातला सर्वोत्तम पंच हा मान मर्क यांना तीनदा मिळाला.

पण मला त्यांची आणखी एक गोष्ट जास्त आवडली. १९९१ पासून ते आपल्या देशात, तमिळनाडूत, येऊ लागले. फुटबॉलसाठी नव्हे हं! खेड्यातल्या गरीब लोकांचे दात तपासायला, तेही फुकट. पुढं तिथल्या अनाथ मुलांसाठी आणि शाळांसाठीही त्यांनी मदत उभी केली. एकीकडं स्टेडियमभर लोक शिव्या देतायत, आणि दुसरीकडं एखादं पोर भीत भीत आ करून बसलंय. माणूस तोच! दात काढताना पोर रडतं म्हणून डॉक्टर किडका दात तसाच ठेवत नाही. मैदानात तरी मग काय वेगळं?

ही हकिगत मी वर्गात सांगितली. मुलांना विचारलं, "मर्क यांचं बरोबर की चूक?" निम्मे म्हणाले बरोबर, निम्मे म्हणाले चूक. नुसता गोंधळ! मी म्हटलं, "मलाही ठाऊक नाही. पण जे दिसलं त्यावर त्यांनी त्याच क्षणी शिट्टी वाजवली. कोण हसेल, कोण रडेल, हे बघत बसले नाहीत."

ती मुलगी काही बोलली नाही. मधली सुट्टी झाली. पोरं डबे घेऊन बाहेर पळाली. ती मात्र दाराशी रेंगाळली. मग टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली,

"बाई, मी आधीच उठले होते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"सगळे ओरडत होते ना, बाई."

मुलांनो, माझी शंका फिटली, हे खरं. पण त्याहून मोठं काम त्या पोरीनं केलं होतं. माझ्या हातात शिट्टी तरी होती. तिच्याकडं तीही नव्हती.